पेव, तेल आणि कीटकाचा श्वास

‘नवकवींचे पेव फुटले आहे’, ‘संस्थांचे पेव फुटले आहे’ असे आपण दिल्लीत राहूनही सहज बोलून जातो. पण ज्या वस्तूवरून हा वाक्प्रचार आला ती वस्तू आपल्यापैकी किती जणांनी पाहिली असेल याची शंकाच आहे. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातले धान्याचे कोठार. घट्ट, मुरमाड जागी अरुंद तोंडाचा व खाली पोट सुटत गेलेला खड्डा खणावयाचा, तळाला आणि कडांना कडबा किंवा पेंढा लावावयाचा, त्यात ज्वारी ओतावयाची आणि तोंडावर दगड ठेवून वरून मातीने लिंपून टाकावयाचे. अशा पेवातील धान्य वर्षानुवर्षे टिके. त्याला एक प्रकारचा कोंदट वास येई, कडेची ज्वारी थोडीफार काळीही पडे. परंतु सोंडे आणि टोके यांनी भुगा केला आहे असे सहसा होत नसे. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर येथे हळदीसाठी अशी पेवे मोठ्या संख्येने होती. २००५ च्या महापुरात त्यांतील पुष्कळशी निकामी झाली.

पेव उघडल्याबरोबर कोणी शहाणा माणूस आत उतरत नाही. तोंड काही काळ मोकळे ठेवतात, दोराने दिवा खाली सोडून पाहतात; दिवा विझला तर आणखी थांबतात. घाईने उतरलेली माणसे आत गुदमरून गेल्याच्या हकीकती त्या भागात सर्वांना ठाऊक असतात. धान्य स्वतः मंदपणे श्वसन करते, त्यातील किडे करतात, बुरशी करते. बंद जागेतील प्राणवायू सरत जातो आणि त्याच्या जागी कर्बवायू साठतो. जी हवा दिव्याला आणि माणसाला पुरत नाही ती किड्यालाही पुरत नाही. पेवाचे सारे रहस्य एवढेच आहे.

दुसरी रीत आपल्या घरांतून अजून चालते. तुरीची डाळ किंवा गहू वर्षाचा भरावयाचा झाला म्हणजे त्याला एरंडेलाचा हात लावावयाचा. हे तेल फार नको. दाण्यावर नुसती झिलई यावी इतके पुरते. कडुलिंबाचा पाला, राख, बिब्बे हेही उपाय आहेत, पण त्यांची कारणे निराळी आहेत. तेलाचा गुण असा की ते किड्याच्या अंगावरील बारीक छिद्रे बुजवते आणि दाण्यावर घातलेल्या अंड्यालाही हवा मिळू देत नाही. माजघरातल्या बाईला या छिद्रांची माहिती नव्हती. तिला गुण ठाऊक होता.

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तोच या लेखाचा विषय आहे. किड्याला नाक नाही, फुप्फुस नाही, छाती वरखाली होताना दिसत नाही. मग तो श्वास घेतो हे माणसाला कसे कळले? आणि घेत असेल तर त्याच्या अंगात हवा मावते तरी किती? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळावयास सुमारे दोन हजार वर्षे लागली. दुसऱ्याचे उत्तर अजून पुरे झालेले नाही, आणि त्याचा संबंध आपल्या सरकारी गोदामांशी आहे.

मंडळातल्या गप्पांत अशा विषयावर एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘हे सगळे आपल्याकडे पूर्वीपासून होतेच.’ होते, यात संशय नाही. पण उपाय ठाऊक असणे आणि त्याचे कारण ठाऊक असणे या किती दूरच्या गोष्टी आहेत याचे उत्तम उदाहरण आपल्याकडचे नसून ग्रीसमधले आहे. ॲरिस्टॉटलने प्राण्यांवरील आपल्या ग्रंथात स्पष्ट लिहून ठेवले आहे की तेल माखले असता सर्व कीटक मरतात. आणि त्याच ॲरिस्टॉटलने श्वसनावरील निबंधात तितक्याच स्पष्टपणे प्रतिपादन केले की कीटक श्वास घेत नाहीत! त्याच्या मते श्वासाचे प्रयोजन शरीरातील उष्णता शमवणे हे होते. कीटकांची उष्णता मुळातच अल्प, तेव्हा त्यांना बाहेरच्या हवेची गरज नाही, अंगभूत वायूवर त्यांचे भागते. माशा आणि मधमाशा पाण्यात पडल्या तरी बराच वेळ जिवंत राहतात, हा त्याचा पुरावा होता. पुरावा खरा होता. पण ज्या वस्तुस्थितीने त्याचे मत उलटले असते तीही त्याच्याच वहीत नोंदलेली होती. दोन नोंदी दोन फायलींत राहिल्या आणि त्यांची गाठ पडली नाही, असे आपल्या भाषेत म्हणता येईल. रोमन प्लिनीला हे मत पटले नव्हते; परंतु त्यानेही प्रयोग केला नाही, वाद घातला.

भारतात या प्रश्नाकडे निराळ्या बाजूने पाहिले गेले. जैन दर्शनात जीवांची प्रतवारी इंद्रियांच्या संख्येवरून केली आहे : कृमी दोन इंद्रियांचा, मुंगी तीन, भुंगा चार. ज्याला स्पर्शाखेरीज दुसरे इंद्रिय नाही अशा एकेंद्रिय जीवालाही चार प्राण मानले आहेत, आणि श्वासोच्छ्वास हा त्यांतील एक. म्हणजे जैन आचार्यांनी मुंगीलाच काय, झाडालाही श्वास दिला. ॲरिस्टॉटलपेक्षा हे अनुमान अधिक बरोबर ठरले हे मान्य केलेच पाहिजे. मात्र ते जीवदयेच्या विचारातून निघालेले होते. मुंगीचा श्वास नेमका कोठून आत शिरतो हे पाहण्यासाठी तिला चिरणे त्या विचारात बसणारे नव्हते, आणि त्याबद्दल त्या आचार्यांना दोष देण्याचे कारण नाही.

प्रयोग सुरू झाले ते सतराव्या शतकात. इंग्लंडात रॉबर्ट बॉइलने हवा उपसून काढणारा पंप तयार करविला आणि १६६० साली त्यावरील प्रयोगांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. काचेच्या भांड्यात त्याने पक्षी ठेवले, उंदीर ठेवले, तशा माश्या आणि मधमाश्याही ठेवल्या. हवा विरळ होताच उडणारे कीटक खाली पडत. कीटकाला हवा लागते एवढे यावरून सिद्ध झाले. ती आत कोणत्या वाटेने जाते हे मात्र समजले नाही.

ती वाट दाखवली इटलीतील बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पिगी या वैद्याने. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या चिटणिसांनी त्याच्याकडे रेशमाच्या किड्याविषयी माहिती मागितली होती. अशा पत्राला चार ओळींचे उत्तर देऊन मोकळे होणारे पुष्कळ असतात. माल्पिगीने त्या किड्याचा असा पिच्छा पुरवला की ताप आला, डोळे सुजले. आणि शेवटी जे लिहून झाले तो १६६९ मध्ये रॉयल सोसायटीने छापलेला एक ग्रंथच होता. एका कीटकाच्या अंतर्रचनेवरील हा पहिला मोठा ग्रंथ. रेशमाच्या अळीच्या दोन्ही कुशींवर ठिपक्यांची एक-एक रांग असते, एका बाजूस नऊ. हे ठिपके म्हणजे भोके आहेत, प्रत्येकातून रुपेरी नळ्यांचा झुपका आत जातो, त्या नळ्यांना झाडासारखे फाटे फुटत जातात आणि कोणताही अवयव त्यांच्यावाचून राहत नाही, हे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. नळीच्या भिंतीत मळसूत्रासारखा एक धागा वळलेला असतो, त्यामुळे ती चेपत नाही, हेही त्याच्या ध्यानात आले.

पण माल्पिगीचे मोठेपण मला त्याच्या पुढच्या कृतीत दिसते. त्याने तेल घेतले. अळीच्या तोंडाला आणि डोक्याला तेल लावले, तिला काही झाले नाही. मग कुशीवरच्या भोकांना लावले. अळी तळमळून थोड्याच वेळात मेली. काही भोकांनाच तेल लावले, तर अंगाचा तेवढाच भाग लुळा पडला. ॲरिस्टॉटलला आणि आपल्या आजीला जी गोष्ट ठाऊक होती तीच. फरक एवढाच की तेल कोठे लावले असता काय होते, हे त्याने एकेक करून विचारले. उपायाचा त्याने प्रश्न केला. सोळाव्या शतकापर्यंत आपण आणि युरोप यांत या बाबतीत फारसे अंतर नव्हते. अंतर पडले ते येथे, तेलाच्या या थेंबापाशी, असे मला वाटते.

या रचनेचे आजचे ज्ञान थोडक्यात असे सांगता येईल. आपल्या देहात हवा फुप्फुसापर्यंत जाते आणि पुढची हमाली रक्त करते. कीटकाच्या देहात, थोडे अपवाद वगळले तर, रक्त प्राणवायू वाहून नेत नाही. हवा स्वतःच घरोघर जाते. अंगाच्या बाजूंवरील श्वासरंध्रांतून ती आत शिरते, मुख्य नलिकांतून फाट्यांत आणि फाट्यांतून मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक अशा नलिकांत पोहोचते आणि थेट स्नायूच्या पेशीशी जाऊन भिडते. नगरपालिकेच्या टाकीतून नळाने पाणी यावे त्याऐवजी प्रत्येक बिऱ्हाडात नदीचाच एक पाट यावा, तसा हा प्रकार आहे. बहुतेक कीटकांच्या रंध्रांना झडपा असतात. कोरड्या धान्यात जन्म काढणाऱ्या किड्याला अंगातील ओलावा जपावयाचा असतो, म्हणून तो झडपा होता होईल तो मिटलेल्या ठेवतो. ही झडपेची गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

माल्पिगीनंतर अडीचशे वर्षे कीटकांच्या नळ्यांची चित्रे अधिकाधिक सुबक होत गेली. प्रश्न मात्र एक राहिलाच होता. हवा आत जाते खरी, पण तिला ढकलते कोण? अळीचे अंग श्वासासाठी हलताना दिसत नाही. नुसत्या विसरणाने, म्हणजे अत्तराचा वास खोलीभर पसरतो तशा आपोआप पसरण्याने, एवढा प्राणवायू पोहोचणे शक्य आहे काय? ‘शक्य आहे’ आणि ‘शक्य नाही’ अशी दोन्ही मते चालू होती आणि दोन्ही बाजूंनी एकानेही मोजून पाहिलेले नव्हते.

मोजून पाहिले ते कोपेनहेगनच्या ऑगस्ट क्रोग याने. नळ्यांत काय मावते हे पाहण्यासाठी त्याने १९१७ मध्ये एक युक्ती प्रसिद्ध केली : निर्वातात ठेवून कीटकाच्या अंगातील हवा काढून घ्यावयाची आणि तिच्या जागी रंगीत द्रव आत शिरू द्यावयाचा. हवा जेथे जेथे होती तेथे तेथे रंग जातो आणि सारे जाळे उघडे पडते. मग १९२० मध्ये त्याने झाडांची खोडे पोखरणारी एक मोठी अळी घेतली, तिच्या नळ्यांची तोंडे व लांबी मोजली, ती दर मिनिटाला किती प्राणवायू खर्च करते हे काढले आणि त्रैराशिक मांडले. बाहेरच्या हवेत आणि नळीच्या टोकाला प्राणवायूच्या प्रमाणात थोडासा फरक पडला तरी तेवढ्या ओढीने अळीची गरज भागते, असे उत्तर आले. हवेत प्राणवायू पाण्यातल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट सहज पसरतो. नळ्या पाण्याने किंवा रक्ताने भरलेल्या असत्या तर हा हिशेब कधीच जुळला नसता. त्याच वर्षी क्रोगला नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र स्नायूंतील केशवाहिन्यांवरील संशोधनासाठी. योगायोग पाहण्यासारखा आहे. केशवाहिन्या प्रथम पाहिल्या त्या माल्पिगीनेच, १६६१ मध्ये, बेडकाच्या फुप्फुसात. एकाने ज्या दोन वाटा पाहिल्या त्याच दोन वाटांवरील रहदारी दुसऱ्याने अडीचशे वर्षांनी मोजली.

क्रोगच्या त्रैराशिकाने अळीचा प्रश्न मिटला. उडणाऱ्या कीटकाचा मिटला नाही. तेथे स्नायूंचा खर्चच निराळा आहे. आणि येथे आपल्या देशाचा जुना वैरी या इतिहासात प्रवेश करतो. क्रोगने उतारवयात टोर्केल वाइस-फो या आपल्या तरुण सहकाऱ्यासह वाळवंटी टोळावर काम सुरू केले. १९४९ मध्ये क्रोग वारला आणि त्यांचा निबंध १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. बसलेल्या टोळाच्या मानाने उडत्या टोळाचा प्राणवायूचा खर्च पंधरा पटींहून अधिक वाढतो, आणि तरीही तो तासचे तास उडू शकतो, असे त्यांना आढळले. एवढा पुरवठा आपोआपच्या पसरण्याने होणे नाही. टोळाच्या अंगात नळ्यांना जोडून पातळ भिंतींच्या पिशव्या असतात, त्यांना वायुकोश म्हणावे. पोट आकुंचन पावले की त्या चेपतात, सैल पडले की फुगतात. पुढच्या रंध्रांतून हवा आत येते, मागच्यांतून बाहेर पडते. शिवाय पंखांच्या हालचालीने छाती स्वतःच भात्यासारखी चालते, हे वाइस-फोने पुढे १९६७ मध्ये दाखवून दिले. ज्या स्नायूला हवा हवी तोच ती ओढून घेतो.

टोळाचे हे हिशेब दिल्लीत बसलेल्या आपल्यासारख्यांना केवळ पुस्तकी नाहीत. टोळांवर नजर ठेवणारी सरकारी संघटना १९३९ मध्ये स्थापन झाली. १९४६ मध्ये वनस्पतिसंरक्षण संचालनालय निघाल्यावर ती त्यात सामील केली गेली. या संचालनालयाचे मुख्य कार्यालय फरिदाबादला आहे. १९६२ च्या टोळधाडीत पुसा येथील शेतांत कडुलिंबाच्या निंबोळ्यांचे पाणी फवारलेल्या पिकावर टोळ बसले पण त्यांनी ते खाल्ले नाही, ही गोष्ट तेथील कीटकशास्त्रज्ञ डॉ. एस. प्रधान आणि त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केली. (आडनावावरून ते आपल्यातले वाटतात, होते उत्तर प्रदेशचे.) आणि टोळ हा आता इतिहासजमा झाला असे वाटू लागले असतानाच २७ जून २०२० रोजी गुरुग्रामच्या आकाशात त्यांचे ढग आले. महामारीमुळे घरात बसलेल्या लोकांनी गच्च्यांवर येऊन थाळ्या बडवल्या. त्या ढगातील प्रत्येक टोळ म्हणजे एक चालता भाता होता.

आता मापाकडे वळू. कीटकाच्या अंगात हवेची जागा किती, हे ठरविण्याच्या ज्या पद्धती निघाल्या त्या माणसाच्या कल्पकतेचा एक सुंदर नमुना आहेत. कारण मोजावयाची वस्तू म्हणजे एका मुठीत मावणाऱ्या जीवाच्या आतली पोकळी. सर्वांत साधी पद्धत वजनाची : कीटक द्रवात बुडवून त्यातील हवा निर्वाताने काढावी, द्रव आत शिरू द्यावा आणि वजन किती वाढले ते पाहावे. दुसरी बॉइलच्याच नियमावर बसवलेली आहे. दाब बदलला की हवेचे आकारमान ठराविक प्रमाणात बदलते, पण मांस आणि पाणी जवळजवळ तसेच राहतात. म्हणून बंद नळीत दाब थोडा कमीजास्त केला असता आकारात जो फरक पडतो तो हवेचाच. ज्या बॉइलने कीटकांना हवेवाचून पाडले त्याच्याच सूत्राने त्यांच्यातली हवा मोजता यावी, हे बरे जुळले आहे. तिसरी पद्धत निष्क्रिय वायूची. असा वायू देहात खर्च होत नाही. त्याने कीटकाच्या नळ्या भरू द्याव्यात, मग कीटक दुसऱ्या बंद पात्रात ठेवून किती वायू बाहेर येतो ते मोजावे. अमेरिकेत २००६ साली या तत्त्वाची एक पद्धत वाळवंटी टोळाच्याच कुळातील तेथल्या टोळावर वापरली गेली. चौथी क्ष-किरणांची. शिकागोजवळील अर्गोन प्रयोगशाळेत अत्यंत प्रखर क्ष-किरणांच्या साहाय्याने जिवंत भुंगेरे, रातकिडे आणि मुंग्या यांच्या आतील नळ्यांचे हलते चित्र घेण्यात आले आणि ते २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. आपोआप पसरणाऱ्या हवेवर ज्यांचे भागते असे समजले जाई त्या लहान कीटकांच्या डोक्यातील व छातीतील नळ्या चेपतात आणि फुगतात, आणि दर वेळी मुख्य नळ्यांतील निम्म्यापर्यंत हवा बदलून निघते, असे त्यात दिसले. क्रोगचा हिशेब त्याच्या अळीपुरता होता, तो साऱ्या कीटकसृष्टीला लावण्याची घाई इतरांनी केली होती.

या मापांचे निष्कर्ष काय? हवेची ही पोकळी निरनिराळ्या कीटकांत अंगाच्या पाच टक्क्यांपासून जवळजवळ निम्म्यापर्यंत असते. एकाच टोळातही ती स्थिर नाही. कात टाकून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाच्या अंगात ती प्रशस्त असते; पुढे अंग आतून भरत जाते, पण बाहेरचे कवच वाढत नाही, तेव्हा वाढते मांस वायुकोशांनाच चेपू लागते. पुढची कात टाकण्याच्या सुमारास त्याला अक्षरशः श्वास अपुरा पडतो. सरकारी क्वार्टरात संसार वाढत जावा आणि खोल्या तेवढ्याच राहाव्यात, ही स्थिती वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. २००७ मध्ये भुंग्यांच्या चार जातींवर झालेल्या मापनात असे आढळले की देह मोठा होत जातो तसतशी नळ्यांना लागणारी जागा त्याहूनही जास्त प्रमाणात वाढते, विशेषतः पायांच्या सांध्यांत. यावरून कीटक फार मोठे का होत नाहीत, आणि सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू जास्त असताना दोन फुटांहून रुंद पंखांचे चतुरासारखे कीटक कसे उडत होते, याची उपपत्ती काही शास्त्रज्ञ लावतात. उपपत्ती आकर्षक आहे. चार जातींवरून तीस कोटी वर्षे उडी मारावी का, हा प्रश्न मला तरी पडतो.

असो. कीटकाचा श्वास बंद करण्याचा व्यवहार या शास्त्रासाठी थांबला नव्हताच. डासांच्या अळ्या शेपटाकडची नळी पाण्याच्या पृष्ठाला लावून हवा घेतात. पाण्यावर रॉकेलचा पातळ थर दिला की त्या मरतात. मुंबईच्या विहिरींतील डासांवर आणि तेथल्या मलेरियावर १९२८ मध्ये अहवाल लिहिणारे गॉर्डन कॉव्हेल हेच पुढे दिल्लीच्या मलेरिया संस्थेचे संचालक झाले. तेथेही तेलच.

धान्याच्या बाबतीत दिल्लीचा वाटा अधिक मोठा आहे. आपण ज्याला पुसा म्हणतो ते नाव मुळात बिहारमधील एका गावाचे. अमेरिकन दानशूर हेन्री फिप्स यांच्या देणगीतून १९०५ मध्ये तेथे कृषिसंशोधन संस्था निघाली. १९३४ च्या भूकंपात तिची इमारत उद्ध्वस्त झाली आणि १९३६ मध्ये संस्था आपले नाव बरोबर घेऊन दिल्लीस आली. बिहारमधील त्या संस्थेचे पहिले कीटकशास्त्रज्ञ हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचा हिंदुस्थानच्या कीटकजीवनावरील ग्रंथ १९०९ चा. ते पुढे लंडनला परत गेले आणि १९२५ मध्ये कीटकांना मारण्याच्या विषारी वायूचा प्रयोग करीत असता त्याच वायूने मृत्यू पावले. किडा आणि माणूस यांच्या श्वासाच्या वाटा निराळ्या असल्या तरी त्यांना लागणारी हवा एकच आहे, हे विसरून चालत नाही.

१९६० नंतरच्या दशकात या संस्थेने शेतकऱ्यासाठी जी ‘पुसा कोठी’ तयार केली ती पाहिली म्हणजे आपल्या पेवाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मातीच्या दोन भिंती आणि त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा जाड कागद, खाली उंदरांसाठी भाजलेल्या विटांचा थर, वरून लिंपलेले तोंड. जमिनीच्या पोटातले पेव जमिनीवर आले, एवढाच फरक. पेवात पाणी झिरपण्याची जी भीती असे ती प्लॅस्टिकने घालवली. हापुड येथे १९५८ मध्ये धान्यसाठवणीचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र निघाले, तेथून पत्र्याच्या कोठ्या आल्या. हवाबंद जागेत प्राणवायू दोन-तीन टक्क्यांच्या खाली गेला की किडे मरतात, हे आकडे पेव बांधणाऱ्यांजवळ नव्हते. पण आकडे आल्यावर शास्त्रज्ञांना पेवाकडेच यावे लागले, हेही खरे. परंपरेची टिंगल करणाऱ्या टिपणीकारांनी आणि तिचा नुसता जयजयकार करणाऱ्या वक्त्यांनी, दोघांनीही ही कोठी एकदा पाहावी.

मोठ्या गोदामांत मात्र रीत निराळी. तेथे पोत्यांच्या थप्पीवर ताडपत्रीसारखे आच्छादन घालून आत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो आणि किड्याच्या श्वासरंध्रांतून आत जातो. ह्याच गोळ्या उत्तर हिंदुस्थानात घरोघरच्या गव्हाच्या डब्यांपर्यंत पोहोचल्या. त्यांनी किती घरांत अपघाताने आणि किती घरांत निराशेने प्राण घेतले हे पंजाब, हरियाणा आणि दिल्लीच्या रुग्णालयांतील डॉक्टरांना विचारावे. १९८० नंतरच्या वैद्यकीय नियतकालिकांत त्याच्या हकीकती सतत येत आहेत. सरकारने विक्रीवर निर्बंध घातले, तरी दुकानदाराकडे ‘गहू में रखने की गोली’ मागणारे गिऱ्हाईक संपलेले नाही. दोन मणांच्या डब्यासाठी हे विष घरात आणण्याचे काहीच कारण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. घट्ट झाकण आणि डाळीला एरंडेल पुरते.

गोदामाला ते पुरणार नाही, आणि म्हणून श्वासाचे शास्त्र तेथे लागते. फॉस्फीनला दाद न देणारे किडे आता देशोदेशी आढळतात, भारतातही. त्यांच्यापैकी काही तो वायू आत कमी घेतात असे दिसून आले आहे. येथे त्या झडपेची गोष्ट कामी येते. कर्बवायू वाढला की कीटकाला झडपा मिटून ठेवता येत नाहीत. म्हणून थोडा कर्बवायू बरोबर दिला तर विष अधिक वेगाने आत जाते. उलट एक विचित्र गोष्टही आहे. प्राणवायू मुळीच नसेल तर फॉस्फीनचा किड्यावर परिणाम होत नाही. त्या विषाला किड्याचे श्वसन चालू असावे लागते. म्हणजे पेवाची रीत आणि गोळीची रीत एकमेकींच्या उलट आहेत : एकीला हवा संपलेली हवी, दुसरीला थोडी तरी शिल्लक. दोन्ही एकाच ठिकाणी करून दुप्पट फळ मिळेल अशा समजुतीने कोणी प्राणवायू संपलेल्या कोठीत गोळ्या टाकल्या, तर त्या वाया जातात, आणि कोठी उघडल्यावर बाहेर येणारा वायू उघडणाऱ्याच्या नाकात जातो.